पीटीएसडीसाठी गोळ्या घेताना: पहिल्या डोसपासून बंद करेपर्यंत

रस्त्यावरचा अपघात, लैंगिक अत्याचार, दरड, आग, घरात वर्षानुवर्षे झालेली मारहाण. प्रसंग मागे पडतो, पण शरीर सावध व्हायचे ते होतच राहते. रात्री तेच स्वप्न पडते. टायर फुटल्याचा आवाज आला तरी धडधड सुटते. त्या रस्त्याने जाणे बंद होते आणि घरच्यांवर नुसता राग निघतो. हे महिनाभराहून जास्त टिकले आणि झोप, काम, नाती बिघडू लागली, तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. मराठीत आघातोत्तर ताण विकार.

या आजारावर औषधे आहेत आणि अनेकांना त्यांचा उपयोग होतो. तरीही ‘गोळ्या खाल्ल्या, काही फरक पडला नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असते. डोस सुरुवातीच्या पायरीवरच राहिला, गोळी दोन-तीन आठवड्यांत सोडली, किंवा महिनोन् महिने घेतली ती मुळात पीटीएसडीची गोळी नव्हतीच, झोपेची होती. या तिन्ही गोष्टी टाळता येतात.

डोसचे आकडे खाली मुद्दाम दिले आहेत. डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला प्रश्न विचारता यावेत, एवढाच त्यांचा उपयोग करा. स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका आणि वाढवूही नका.

आधी ठरवा, गोळी कशासाठी

गोळी आठवण पुसत नाही. दचकणे, चिडचिड, सततची धास्ती आणि उदासी ती खाली आणते. तेवढ्याने झोप लागू लागते, कामावर जाता येते आणि ज्या गोष्टी टाळत होतो त्यांना हळूहळू सामोरे जाण्याची ताकद येते. आठवणीवरचे खरे काम समुपदेशनाच्या खोलीत होते. आघातावर नेमके बेतलेले प्रमुख उपचार तीन आहेत: प्रोलॉन्ग्ड एक्स्पोझर (टाळलेल्या आठवणींना आणि जागांना थोडेथोडे सामोरे जाणे), कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (घटनेमुळे मनात बसलेले विचार तपासणे) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम करणे). साधारण ८ ते १६ बैठकांचा हा कार्यक्रम असतो. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्य खात्याची २०२३ची मार्गदर्शक तत्त्वे औषधांच्या आधी याच उपचारांची शिफारस करतात.

मग गोळी कधी घ्यायची? असे प्रशिक्षित थेरपिस्ट तुमच्या जिल्ह्यात नसतील, सोबत नैराश्य असेल, लक्षणे इतकी तीव्र असतील की बैठकीत बसणेच जमत नाही, किंवा तुमचीच पसंती गोळीला असेल, तेव्हा. दोन्ही एकत्र घेतले तरी चालते. लहान मुलांसाठी मात्र थेरपीच आधी. औषध क्वचित, तेही बालमानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

घटनेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत ‘पुढे त्रास होऊ नये म्हणून’ झोपेच्या गोळ्या देण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्याने पीटीएसडी टळत नाही. त्या दिवसांत सुरक्षित जागा, जेवण, सोबत आणि झोपेची वेळ सांभाळणे जास्त मोलाचे. बहुतेकांचा त्रास पहिल्या काही आठवड्यांत आपोआप ओसरू लागतो.

पहिल्या भेटीची तयारी

गोळी लिहून घेण्यासाठी प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावा लागत नाही. अनेकजण या भीतीनेच ओपीडीत जात नाहीत, म्हणून हे ठळकपणे सांगायला हवे. ‘दीड वर्षापूर्वी माझ्यावर हल्ला झाला, तपशील आज बोलायचा नाही’ एवढे पुरते. लक्षणे मात्र नीट सांगा. तीन निवडा आणि दोन आठवडे वहीत लिहा: आठवड्यात किती रात्री वाईट स्वप्नाने जाग आली, किती तास झोप झाली, भीतीमुळे कोणती जागा किंवा काम टाळले. पुढे गोळीचा परिणाम याच आकड्यांवर मोजायचा आहे. ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला त्या त्या दिवसाच्या मनःस्थितीप्रमाणे उत्तर जाते, वहीतले आकडे तसे बदलत नाहीत. अनेक डॉक्टर पीसीएल-५ ही २० प्रश्नांची यादी भरून घेतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण ८०. ३१ ते ३३च्या वर गुण गेले तर पीटीएसडीची सविस्तर तपासणी करतात. उपचारानंतर १० गुणांहून जास्त घट झाली तर फरक खरा आहे असे धरता येते.

पुढच्या गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी तुम्ही सांगा:

– कधी काळी चार-पाच दिवस झोप न घेताही उत्साह ओसंडत होता, पैसे उधळले, बडबड वाढली असे झाले होते का. घरात कोणाला बायपोलर आजार आहे का. असल्यास नुसत्या नैराश्यविरोधी गोळीने उन्माद उसळू शकतो.
– दारू, गांजा, भांग, तंबाखू किती आणि कधी. रोज दारू पिणाऱ्याने ती एकदम तोडली तर फिट येऊ शकते, म्हणून हे लपवू नका.
– गर्भधारणा, स्तनपान किंवा मुलाचा विचार.
– अपघातात डोक्याला मार लागला होता का.
– घोरणे, झोपेत श्वास अडकणे. स्लीप ॲप्नियातही दचकून जाग येते, आणि त्यावर झोपेच्या गोळ्या चालत नाहीत.
– सध्या चालू असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण. नावे आठवत नसतील तर स्ट्रिपा पिशवीत घालून न्या.

रक्तदाब मोजून घ्या. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलेले नसेल तर तपासा. साठीच्या पुढे असाल तर रक्तातले सोडियमही.

मुख्य गोळी आणि तिच्या पायऱ्या

पीटीएसडीसाठी पुराव्याचा सर्वांत जास्त आधार असलेली औषधे तीन: सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन. तिन्ही नैराश्यविरोधी गटातली. यांतल्या पहिल्या दोन औषधांना अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) खास या आजारासाठी मान्यता दिलेली आहे. आपल्याकडे एस्सिटालोप्राम सर्रास लिहिले जाते. ते वाईट औषध नाही, पण पीटीएसडीतला त्याचा पुरावा या तिघांइतका भक्कम नाही. ‘सर्ट्रालीन का नको?’ असे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. उत्तरात सयुक्तिक कारणही असू शकते.

सर्ट्रालीनची नेहमीची वाट अशी. पहिला आठवडा २५ मिलिग्रॅम, नाश्त्यानंतर. दुसऱ्या आठवड्यापासून ५०. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात वही घेऊन भेट. फरक अर्धवट असेल आणि त्रास सोसवत असेल तर ७५ किंवा १००. पुढेही गरज लागली तर टप्प्याटप्प्याने जास्तीत जास्त २००. गोळीने गुंगी येत असेल तर ती रात्री घ्या, झोप उडत असेल तर सकाळी.

पॅरॉक्सेटीन १० किंवा २० मिलिग्रॅमने सुरू होते आणि साधारण २० ते ५०वर थांबते. बाजारात त्याच्या सीआर, म्हणजे औषध सावकाश सोडणाऱ्या, गोळ्या जास्त दिसतात. सीआर २५ म्हणजे साध्या २०च्या बरोबरीची, हे लक्षात ठेवा. गोळी बदलताना इथे गोंधळ होतो. पॅरॉक्सेटीनने वजन वाढते, आणि एखादा डोस चुकला तरी शरीराला लगेच जाणवते. गरोदरपणात ती शक्यतो टाळतात. व्हेन्लाफॅक्सीनची कॅप्सूल ३७.५ने सुरू करून ७५ आणि मग गरजेप्रमाणे २२५पर्यंत नेतात. तिने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून प्रत्येक वाढीनंतर तो मोजायचा. सीआर गोळी किंवा एक्सआर (हीही सावकाश सुटणारी) कॅप्सूल चावू नये, फोडू नये.

पहिले दहा-पंधरा दिवस सर्वांत नाजूक. मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, तोंडाला कोरड, जांभया हे त्रास आधी येतात आणि फायदा नंतर. काहींना उलट जास्त बेचैनी वाटते, हातपाय स्वस्थ राहत नाहीत. पीटीएसडी असलेल्या माणसाला ही धडधड थेट त्या प्रसंगाची आठवण करून देते, मग तो घाबरून गोळी टाकतो. म्हणूनच २५ने सुरुवात. तरीही फार झाले तर डॉक्टरांना फोन करून साडेबारापर्यंत, म्हणजे २५च्या अर्ध्या गोळीवर, आठवडाभर थांबता येते. चिडचिड आणि दचकणे बहुधा आधी उतरते. टाळण्याची सवय आणि मनाचा सुन्नपणा सर्वांत शेवटी. पुरेसा डोस मिळाल्यावर ८ ते १२ आठवडे झाल्याशिवाय ‘हे औषध लागू पडले नाही’ असा निकाल देऊ नका.

लैंगिक इच्छा कमी होणे आणि संबंधात परमोच्च क्षणाला उशीर लागणे हा त्रास खूप जणांना होतो आणि फार थोडे बोलतात. मनातल्या मनात गोळी बंद करण्यापेक्षा सांगा. डोस कमी करणे किंवा औषध बदलणे असे मार्ग आहेत.

डोस चुकला तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसरा दिवस उजाडला असेल तर चुकलेला सोडून द्या; दोन गोळ्या एकदम नकोत.

२५ वर्षांखालच्या तरुणांत पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. या काळात घरातल्या एकाने रोज थेट विचारावे, ‘जगू नये असं वाटतंय का?’ विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. धोका वाटत असेल तर गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच आणा आणि ठेवा दुसऱ्याच्या ताब्यात. घरातली कीटकनाशकेही कुलपात. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. जीवाला तातडीचा धोका असेल तर ११२ किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग.

चिठ्ठीत दडलेले क्लोनाझेपाम

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, एटिझोलाम. झोपेची आणि भीती शमवणारी ही औषधे अर्ध्या तासात शांत करतात, म्हणून आवडतात. पीटीएसडीत त्यांचा टिकाऊ फायदा दिसत नाही. भीतीला सामोरे जाऊन ‘आता धोका नाही’ हे मेंदूने शिकणे हाच उपचाराचा गाभा, आणि या गोळ्या त्या शिकण्यातच आडव्या येतात. काही आठवड्यांत सवय लागते, डोस वाढतो, सकाळी विसराळूपणा येतो. दारूबरोबर श्वास मंदावू शकतो.

अडचण अशी की अनेकांना आपण हे घेतो आहोत हेच ठाऊक नसते. आपल्या बाजारात एस्सिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ एकाच गोळीत मिळतात. एटिझोलामबरोबरच्या जोडगोळ्याही आहेत. ब्रँडच्या नावापुढे बहुधा ‘प्लस’ असते. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, ते आजच वाचा. जोडगोळी असेल तर दुहेरी पेच पडतो. मुख्य औषधाचा डोस वाढवायचा तर झोपेचे औषधही वाढते. झोपेचे कमी करायचे तर मुख्य औषधही घटते.

उपाय म्हणजे दोन घटक वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून घेणे आणि मग फक्त क्लोनाझेपाम उतरवणे. ०.२५ची गोळी मिळते. बरेच महिने घेतले असेल तर दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के एवढीच घट ठेवतात, शेवटच्या टप्प्यात आणखी सावकाश. एका रात्रीत बंद केले तर झोप उडणे, थरथर आणि फिट येण्याचा धोका असतो. म्हणून हे वाचून आज रात्रीची गोळी फेकून देऊ नका.

वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन

प्राझोसिन हे मूळचे रक्तदाबाचे औषध. रात्री शरीरात उसळणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिन या ताणाच्या रसायनाचा एक मार्ग ते अडवते, म्हणून स्वप्नाने दचकून उठणे कमी होऊ शकते. पुरावा संमिश्र आहे. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत ते चांगले ठरले, पण ३०४ माजी सैनिकांवरच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा (प्लासिबो) सरस दिसले नाही. तरीही काहींची रात्र त्याने खरोखर बदलते, त्यामुळे मोजून-मापून करून पाहण्याजोगे आहे, असे आमचे मत.

सुरुवात १ मिलिग्रॅम, झोपताना. पहिली गोळी अंथरुणावर बसूनच घ्या, कारण पहिल्या डोसनंतर रक्तदाब अचानक पडून चक्कर येऊ शकते. रात्री लघवीला उठायचे तर आधी काठावर पाय सोडून एक-दोन मिनिटे बसा आणि मगच उभे राहा. वाटेत दिवा चालू ठेवा. तीन रात्रींनंतर २ मिलिग्रॅम, मग रक्तदाब पाहून आठवड्याला १ ते २ मिलिग्रॅमची वाढ. बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजा. अनेकांना ३ ते १५ मिलिग्रॅमच्या दरम्यान फरक पडतो. १ किंवा २ मिलिग्रॅमवर राहून ‘चालत नाही’ म्हणणे घाईचे.

इथे दुकानातली एक गफलत होते. आपल्याकडे २.५ आणि ५ मिलिग्रॅमच्या एक्सएल (सावकाश सुटणाऱ्या) गोळ्या सहज मिळतात, साधी १ मिलिग्रॅम शोधावी लागते. एक्सएल तोडून १ मिलिग्रॅम बनवता येत नाही. तोडली तर सावकाश सुटायचे औषध एकदम सुटते. साधी गोळी मिळत नसेल तर दुकानदाराने पुढे केलेली बदली न घेता डॉक्टरांना विचारा.

दोन-चार दिवस खंड पडला तर जुन्या डोसवर परत उडी नको, पुन्हा १ मिलिग्रॅमपासून चढा. लैंगिक ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेत असाल तर सांगा, रक्तदाब फार पडतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली तर नेत्रतज्ज्ञांनाही हे औषध सांगा.

उपवास, दुखण्याच्या गोळ्या, खोकल्याचे औषध

एकादशी किंवा नवरात्रात गोळी सोडायची गरज नाही. उपाशीपोटी मळमळ वाढते, म्हणून दूध, केळे किंवा भगर खाऊन घ्या. निर्जळी उपवासात प्राझोसिन मात्र धोक्याचे; पाणी कमी पडले की रक्तदाब आणखी उतरतो. रोजाच्या महिन्यात गोळीची वेळ इफ्तारनंतर किंवा सहरीला आधीच ठरवून घ्या.

सर्ट्रालीनच्या कुटुंबातल्या गोळ्यांबरोबर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. साध्या अंगदुखीला पॅरासिटामॉल बरे. ट्रामाडॉल (वेदनाशामक), लिनेझोलिड (प्रतिजैविक) आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध यांनी शरीरातले सेरोटोनिन हे रसायन फार वाढू शकते. ताप, घाम, थरथर, पातळ शौच, स्नायूंना झटके आणि गोंधळलेपण एकदम आले तर थेट रुग्णालय गाठा. वयस्कर माणूस गोळी सुरू झाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत बावचळला किंवा तोल जाऊन पडू लागला तर सोडियम तपासा. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बाईने पॅरॉक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन टाळावे. या गोळ्या टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात.

गोळी चालू असताना दिवस राहिले तर घाबरून लगेच बंद करू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. सर्ट्रालीन गरोदरपणात आणि स्तनपानातही पुष्कळ वापरले जाते.

फरक पडला नाही तर

आधी साध्या गोष्टी तपासा: गोळी खरोखर रोज जाते का, डोस पुरेसा होता का, आठवडे भरले का, दारू चालू आहे का, मारहाण करणारा माणूस अजून त्याच घरात आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर गोळी वाढवणे हा त्यावरचा इलाज नाही. आधी सुरक्षितता, महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे.

हे सगळे ठीक असूनही लक्षणे जैसे थे असतील तर तिघांपैकी दुसरे औषध, आणि अजून सुरू केली नसेल तर थेरपी. रिस्पेरिडोन, क्वेटियापीन यांसारखी तीव्र मनोविकारांवरची (अँटिसायकोटिक) औषधे सरसकट नकोत. त्यांनी वजन आणि साखर वाढते, म्हणून ती ठरावीक कारणासाठी, ठरावीक मुदतीने. प्रोप्रॅनोलॉल धडधड कमी करते, पीटीएसडी नाही; आणि दमा असलेल्याला ते चालत नाही. गांजा आणि भांग झोप आणतात असे वाटले तरी आजार लांबवू शकतात.

खर्च आणि औषध मिळण्याची सोय

चिठ्ठीवर ब्रँडबरोबर मूळ औषधाचे नाव लिहून मागा. मग जनऔषधी केंद्रात स्वस्त पर्याय आहे का हे विचारता येते. सरकारी जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी असते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यायचे असते. ओपीडीच्या गोळ्या मिळतील की नाही हे मात्र तुमच्या पॉलिसीवर ठरते. स्ट्रिपमध्ये पाच गोळ्या उरल्या की पुढची आणा. दिवाळीच्या सुट्टीत दुकान बंद आणि बाहेर फटाके, अशा वेळी औषधात खंड पडणे सर्वांत वाईट.

थांबवताना

बरे वाटू लागल्यावर निदान वर्षभर त्याच डोसवर राहा. त्यानंतर कमी करायचे तर काळ निवडा: घटनेचा वर्षदिन, कोर्टातली साक्ष, बाळंतपण, नोकरीतला बदल यांच्या आसपास नको. सर्ट्रालीन १०० असेल तर ७५, ५०, २५ आणि मग बंद, प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीनला याहून सावकाश.

कमी केल्यावर दोन-तीन दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे, रडू येणे, भडक स्वप्ने असे सुरू झाले तर तो बहुधा औषध सुटल्याचा त्रास. तो बऱ्याचदा एक-दोन आठवड्यांत उतरतो, नाहीतर मागच्या पायरीवर गेल्यास थांबतो. काही आठवडे चांगले जाऊन मग जुनी स्वप्ने, टाळाटाळ आणि दचकणे हळूहळू परतले तर आजार डोके वर काढतो आहे. वही बंद केली असेल तर पुन्हा उघडा, दोन आठवडे आकडे लिहा आणि ते घेऊन डॉक्टरांकडे जा. ज्या औषधाने आधी उतार पडला होता तेच बहुधा पुन्हा सुरू करतात. मात्र मोठा खंड पडला असेल तर सर्ट्रालीन थेट १००वर न नेता पुन्हा २५पासून.